रेसिडेन्सीच्या दारांतले बडवे

वाचकहो, पंढरीस गेलेल्या भोळ्या वारकऱ्यास देवळाच्या दारांत जो अनुभव पूर्वीं येत असे, तोच आज आमच्या खेड्यांतल्या शिकल्यासवरल्या पोरांस अमेरिकेच्या दारांत येऊं लागला आहे. दार उघडें आहे, वाट पाटीवर लिहिली आहे, परंतु दारांत एक गृहस्थ उभा राहून म्हणतो, "आधीं माझ्या हातावर दक्षिणा ठेव, मग पाय कोठें ठेवायचा तें सांगेन!" पंढरपुरच्या बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें संपले. हे नवे बडवे मात्र सुखानें नांदत आहेत. त्यांच्याविषयीं चार शब्द स्पष्ट लिहिणें हें मी माझें कर्तव्य समजतों.

गोष्ट अशी घडली. गेल्या श्रावणांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. त्याचें नांव येथें सांगत नाहीं. पहिलीपासून चौथीपर्यंत मीं त्यास शिकविलें. बापाची सव्वादोन एकर कोरडवाहू जमीन. पोरगा सरकारी मेडिकल कॉलेजांतून एम.बी.बी.एस. झाला, आडगांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यानें नोकरी केली, आणि रात्री जागून अमेरिकेच्या ‘स्टेप वन’ व ‘स्टेप टू’ ह्या दोन्ही परीक्षा पहिल्याच खेपेस पास झाला. असा हा हिऱ्यासारखा पोर माझ्यापुढें मान खालीं घालून बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहाल कां?"

कर्ज कशाला? तर शहरांतल्या एका क्लासवाल्यानें त्यास सांगितलें होतें कीं, परीक्षा पास होणें सोपें, खरी मेख अर्जांत व मुलाखतींत आहे. ती तुम्हां खेडवळांस उमगायची नाहीं. पावणेदोन लाख रुपये भरा, म्हणजे निवेदन तयार, शिफारसपत्रें तयार, दोन शोधनिबंधांवर नांव तयार, मुलाखतीचीं उत्तरें तयार, आणि जागा हमखास! बाप जमीन गहाण टाकायला निघाला होता.

मीं म्हटलें, "बाळ, जामीन राहतों. पण कशाला जामीन राहतों, तें मला आधीं समजावून दे." मी मराठी अध्यापक विद्यालयांत शिकलेला मास्तर, माझें इंग्रजी बेताचें. परंतु पंधरा दिवस रोज संध्याकाळीं शाळेच्या ओट्यावर आम्ही दोघे बसलों. तो त्यांचे नियम वाची व मराठींत सांगे. मी अडेल तेथें विचारी. पंधराव्या दिवशीं मीं जामीनकीचा कागद फाडून टाकला. कां फाडला, तेंच येथें सांगतों.

आमच्या देशांत डॉक्टरला पुढचें शिक्षण घ्यावयाचें असल्यास नीट-पीजी ही एक परीक्षा आहे. गुण किती आणि क्रमांक कितवा, हाच मुख्य हिशेब. रोग्याशीं कसा बोलतोस, हें कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत रीत निराळी आहे. तेथें परीक्षा फक्त उंबरठ्यापर्यंत नेते. पुढें ‘एरास’ नांवाच्या यंत्रणेमार्फत रुग्णालयांस अर्ज जातात. सप्टेंबरअखेर रुग्णालयें ते उघडतात. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मुलाखती होतात. नंतर उमेदवार आपल्या पसंतीच्या जागा क्रमवार लिहितो, रुग्णालयेंही उमेदवारांची क्रमवार यादी करतात, आणि ‘एनआरएमपी’ नांवाची संस्था संगणकावर दोन्ही याद्यांची गांठ घालते. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारीं निकाल लागतो. अंतर्वैद्यक, बालरोग, कुटुंबवैद्यक ह्यांस तीन वर्षें आणि सामान्य शस्त्रक्रियेस पांच वर्षें अशी ही उमेदवारी आहे. तिलाच रेसिडेन्सी म्हणतात.

ह्यांत गूढ तें काय? सारे नियम उघडे छापलेले आहेत. कोणतें रुग्णालय परदेशी पदवीधर घेतें, पदवीला किती वर्षें झालेलीं चालतात, व्हिसा कोणता देतात, हें बहुतेक ठिकाणीं त्यांच्याच पानावर लिहिलेलें असतें. मुलाखतीस बोलावतांना काय पाहतात, ह्याविषयीं निवड करणाऱ्यांस विचारून केलेल्या पाहण्या एनआरएमपी स्वतः छापते, आणि त्या फुकट वाचतां येतात. मग पावणेदोन लाख कशाचे? ह्या उघड्या पानावर हात ठेवून तें झांकण्याचे!

आतां ह्या बडव्यांच्या पोतडींतला एकेक जिन्नस बाहेर काढून पाहूं.

पहिला जिन्नस ‘हमी’. २०२४ सालच्या मॅचमध्यें अमेरिकेच्याच एम.डी. कॉलेजांतून त्या वर्षीं बाहेर पडणाऱ्या उमेदवारांपैकीं शेंकडा ९३.५ जणांस जागा मिळाली. परदेशांत शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकीं मिळाली शेंकडा ५८.५ जणांस. म्हणजे आमच्या शंभर पोरांतलीं एकेचाळीस-बेचाळीस पोरें, सर्व परीक्षा पास होऊन, खर्च करून, रिकाम्या हातीं बसलीं. जेथें शेवटची गांठ संगणक घालतो, तेथें शहरांतल्या दोन खोल्यांतला क्लासवाला कोणाच्या जिवावर हमी देतो? हमी म्हणून सांगणारा एक तर अज्ञानी आहे, नाहीं तर लबाड आहे. आणि अज्ञानी माणूस पावणेदोन लाख मागत नसतो. ज्या सौद्यांत शंभरांतले चाळीस हरतात, त्यांत बापाची जमीन लावूं नये, हें सांगायला डॉक्टरकी लागत नाहीं, शेतकऱ्याचा अनुभव पुरे आहे.

दुसरा जिन्नस ‘तीनशें अर्ज’. "जितकीं जाळीं टाकाल तितके मासे," असें हे सांगतात, आणि अर्ज भरून देण्याची मजुरी अर्जागणिक घेतात. २०२५ च्या हंगामांत एरासचा दर असा होता: एका विषयांत पहिल्या तीस अर्जांस प्रत्येकीं ११ डॉलर, आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्जास ३० डॉलर. साठ अर्जांस १,२३० डॉलर होतात. दोनशें अर्जांस ५,४३० डॉलर होतात. माझ्या पोरानें रुग्णालयांचे नियम वाचून, जीं परदेशी पदवीधर घेत नाहींत तीं गाळलीं, जीं व्हिसा देत नाहींत तीं गाळलीं, आणि सत्तरांच्या आंत यादी आणली. अनेक विषयांत आतां अर्जाबरोबर मोजक्या जागांस ‘मला येथें विशेष इच्छा आहे’ अशी खूणही करतां येते. पेरणीच्या आधीं जमीन पाहावी, हें आमच्या बापजाद्यांस ठाऊक होतें. खडकावर बी टाकायला लावणारा हा सल्लागार नव्हे, बी विकणारा आहे.

तिसरा जिन्नस ‘तयार निवेदन’. अर्जासोबत उमेदवारानें आपण होऊन एक पानभर लिहावयाचें असतें: मी ह्या विषयाकडे कां वळलों? क्लासवाल्यानें नमुना म्हणून दिलेलें पान मीं वाचवून घेतलें. त्यांत उमेदवाराची आजी मरते. मरतांना ती नातवाचा हात धरते, आणि त्याच क्षणीं नातवास वैद्यकाची दिव्य प्रेरणा होते! पोर म्हणाला, "गुरुजी, माझ्या दोघां मित्रांच्या पानांतही हीच आजी मेली आहे." आणि ह्याची स्वतःची आजी ओट्यावर आमच्या शेजारीं शेंगा फोडीत बसली होती! हंसावें कीं रडावें? शिवाय अर्ज पाठवितांना ही माहिती खरी आहे व हें लिखाण माझेंच आहे, असें प्रमाणित करून द्यावें लागतें. म्हणजे डॉक्टरकीच्या पहिल्याच पायरीवर हे बडवे आमच्या पोराकडून खोटी शपथ वाहवून घेतात, वर तिचे पैसे घेतात.

चौथा जिन्नस ‘विकतचे शोधनिबंध व विकतची शिफारस’. ज्या रोग्यांस पाहिलें नाहीं त्यांच्यावरच्या निबंधांत पांचवें नांव आपलें. ज्या डॉक्टरच्या मागें चार दिवस हात बांधून उभे राहिलों, त्याचें मोठें स्तुतिपत्र. एका जागेस फार तर चार शिफारसपत्रें जोडतां येतात. त्यांतलें एक असें पोकळ निघालें तर उरलेल्या तिन्हींवर संशय येतो. आणि मुलाखतींत समोरचा माणूस शांतपणें विचारतो, "ह्या निबंधांत रोगी कसे निवडले? तुम्हीं स्वतः काय केलें?" तेव्हां क्लासवाला खिडकींत उभा राहून उत्तर सांगायला येत नाहीं. जें काम केलें नाहीं त्याच्यापुढें नांव लिहूं नये, हा नियम मी तिसरीच्या मुलांस गृहपाठाच्या वहीवर शिकवितों!

पांचवा जिन्नस सर्वांत विषारी आहे. तो म्हणजे ‘मुलाखतीचीं पाठ उत्तरें’. ह्याविषयीं सविस्तर लिहिणें भाग आहे.

मुलाखतींत विचारतात काय? हाच विषय कां घेतला? आमच्याकडेच कां यावेंसें वाटलें? सहकाऱ्याशीं मतभेद झाला तेव्हां काय केलें? पदवीनंतर मधलीं वर्षें कोठें गेलीं? आणि बहुधा असाही एक प्रश्न: तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. क्लासवाल्याच्या कागदावर ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर असें होतें: "मी फार कष्ट करतों, हाच माझा दोष!" वाचकहो, स्वतःच्या दोषांतही स्वतःची आरती ओंवाळणारें हें उत्तर ऐकून समोरच्या माणसास काय वाटत असेल?

मीं पोरास ओट्यावर विचारलें, "मराठींत सांग. तूं कधीं चुकलास?" तो बराच वेळ गप्प बसला. मग बोलूं लागला. आरोग्य केंद्रांत रात्रपाळी होती. पहाटे एका ऊसतोडणीच्या बाईला खोपींतून उचलून आणलें. पोटांत कळा येत होत्या. अंगावर सूज नाहीं, डंखाचा वण दिसत नाहीं. त्यानें पित्ताचा विकार समजून इंजेक्शन दिलें व निजविलें. तासाभरानें तो पाहायला गेला, तों बाईच्या पापण्या मिटत चाललेल्या. उघड म्हटलें तरी उघडेनात. तेव्हां त्याच्या डोक्यांत लख्ख उजेड पडला: भुईवर निजलेली बाई, रात्रीची वेळ, पोटांत कळा, सूज नाहीं — हा मण्यार! त्यानें सर्पविषावरची लस चालू केली, श्वास मंदावला तेव्हां हातानें फुगा दाबून श्वास दिला, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत १०८ च्या गाडींत बसून तो फुगा दाबीत गेला. बाई वांचली. "पण गुरुजी, तो एक तास माझा गेला. तेव्हांपासून भुईवर निजलेला रोगी पोटाच्या कळा घेऊन आला, कीं मी आधीं पापण्या पाहतों. केंद्रांतल्या नर्सबाईंस आणि शिपायासही तें पाहायला शिकविलें."

मीं विचारलें, "हें अर्जांत कां नाहीं?" तो म्हणाला, "क्लासवाले म्हणाले, खेड्यांतली नोकरी फार दाखवूं नका, हलकी दिसते. आणि चूक तर मुळींच सांगूं नका."

वाचकहो, येथें माझा संताप अनावर झाला. पावणेदोन लाख रुपये ही चोरी लहान आहे. मोठी चोरी ही आहे! ज्या पोरानें विंचूकाट्याच्या मुलखांत रात्री काढल्या, ज्याला चूक ओळखण्याची, कबूल करण्याची व दुसऱ्यास शहाणें करण्याची अक्कल आहे, त्याचें खरें आयुष्य त्याच्याकडून लाज वाटवून काढून घ्यावयाचें, आणि त्याच्या बदल्यांत एक मेलेली आजी त्यास विकावयाची! आपलें गांव हलकें, आपला बाप हलका, आपलें काम हलकें, हें पटवून दिल्याशिवाय बडव्याचा धंदा चालत नाहीं. आधीं माणसाच्या मनांत न्यूनपणा पेरावयाचा, मग त्याच न्यूनपणावर दक्षिणा घ्यावयाची, ही युक्ति जुनीच आहे. १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढला, तेव्हां देव आणि माणूस ह्यांच्यामध्यें दलाल नको, हेंच सांगितलें. देवापुढें जो दलाल नको, तो परीक्षकापुढें कां हवा?

शिवाय खेडें हलकें दिसतें हें तरी खरें काय? अमेरिकेंतही डॉक्टर शहरांत दाटतात आणि खेडीं ओस पडतात. जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरनें शिक्षणानंतर दोन वर्षें मायदेशीं परत जावें असा तेथला नियम. परंतु डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांत तीन वर्षें काम करण्यास तो कबूल झाला, तर ती अट माफ होऊं शकते, आणि त्यासाठीं प्रत्येक राज्यास वर्षाला तीस जागा आहेत. म्हणजे ज्या देशास खेड्यांत राबणारा डॉक्टर हवा आहे, त्याच देशापुढें आमच्या पोरानें खेड्यांतली नोकरी लपवावी, असा हा सल्ला!

आणखी एक लबाडी सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. हे शिकवितात कीं, प्रत्येक रुग्णालयास सांगा, "तुम्हीच माझे पहिले". आणि शेवटच्या यादींत आवडीची जागा वर लिहूं नका, जी मिळेलशी वाटते ती वर लिहा. पहिलें खोटें बोलणें आहे, दुसरें अज्ञान आहे. उमेदवारानें आणखी कोठें कोठें अर्ज केले, हें विचारण्यास रुग्णालयांस एनआरएमपीच्या नियमांनीं मनाई आहे. मग आपण होऊन दहा ठिकाणीं खोट्या आणाभाका कशाला? आणि ही मॅच १९५२ सालीं निघाली ती अशाच घाईगर्दीस व फसवाफसवीस कंटाळून. त्यापूर्वीं रुग्णालयें पोरांस शिक्षण संपण्याच्या कितीतरी आधींच जागा देऊं करीत, आणि विचार करायला उसंत देत नसत. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली ह्या गणितज्ञांनीं १९६२ सालीं लग्नाच्या जोड्यांचें उदाहरण घेऊन अशा गांठी कशा घालाव्या, ह्याची रीत मांडली. अल्विन रॉथ ह्यांनीं मॅचची नवी घडी बसविली. ती १९९८ पासून चालूं आहे, आणि तींत मागणी उमेदवाराच्या बाजूनें सुरू होते. शॅप्ली व रॉथ ह्यांस २०१२ चें अर्थशास्त्राचें नोबेल मिळालें. ह्या रीतीचें सार एवढेंच कीं, उमेदवारानें मनांतला खरा क्रम लिहावा. वरची जागा न मिळाली म्हणून खालच्या जागेवरचा त्याचा हक्क कमी होत नाहीं. जेथें खरें बोलण्यांतच फायदा आहे, अशी सोय मोठ्या विद्वानांनीं करून ठेविली, तेथेंही हे लोक पैसे घेऊन खोटें शिकवितात!

कोणी म्हणेल, "मास्तर, हीं पोरें देश सोडून जाणार, तुम्ही कशाला त्यांची वकिली करतां?" प्रश्न रास्त आहे. सरकारच्या पैशानें शिकलेला डॉक्टर परत यावा, असें मलाही वाटतें, आणि तें मीं पोरास तोंडावर सांगितलें. परंतु बड्या डॉक्टरांचीं मुलें विमानांत बसतात तेव्हां पेढे वाटले जातात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा पोर निघाला कीं देशभक्तीचा पाढा सुरू होतो, हा न्याय मला कळत नाहीं. जाणें न जाणें हा त्याचा निर्णय. जातांना त्यानें बापाची जमीन गमावूं नये व खोटी शपथ घेऊं नये, एवढी माझी वकिली आहे.

दुसरा म्हणेल, "तुमच्या पोरांचें इंग्रजी तोकडें, ओळखी नाहींत, क्लास नको तर काय करावें?" अडचण खरी आहे, मी ती नाकारीत नाहीं. २०२२ च्या जानेवारीपासून ‘स्टेप वन’चे गुण मिळत नाहींत, फक्त पास-नापास कळतें, त्यामुळें अर्जाचें व मुलाखतीचें वजन वाढलें. ओळखीपाळखीच्या घरांतलीं मुलें काकाला विचारतात, आमचीं मुलें क्लासवाल्याला. पण कांहीं खर्च कमीही झाले आहेत. २०२० पर्यंत एका परीक्षेसाठीं थेट अमेरिकेंतल्या पांचांपैकीं एका शहरीं जावें लागे. ती परीक्षा २०२१ सालीं कायमची बंद झाली. २०२० पासून बहुतेक मुलाखती घरबसल्या पडद्यावर होतात. बडव्यांची दक्षिणा मात्र त्यामुळें उतरल्याचें मीं ऐकिलें नाहीं.

आम्हीं काय केलें तें सांगतों. पोरानें आपलें पान स्वतः लिहिलें. आधीं मराठींत, मग इंग्रजींत. त्यांत आजी जिवंत आहे आणि मण्यारही आहे. ज्या सरकारी रुग्णालयांत तो शिकला तेथल्या गुरूंनीं, ज्यांनीं त्याचें काम पाहिलें होतें, त्यांनीं पत्रें दिलीं. त्याच्या दोन वर्षें पुढें गेलेल्या एका मुलीनें अमेरिकेहून रविवारीं दोन-दोन तास इंग्रजींत सराव घेतला, तोही फुकट. मुलाखती आमच्या संध्याकाळीं-रात्रीं येतात आणि गांवांत वीज जाते, म्हणून तो तालुक्याला मित्राच्या खोलीवर जाऊन बसतो. आजवर चार बोलावणीं आलीं. एका मुलाखतींत चुकीचा प्रश्न निघाला. त्यानें मण्यार सांगितला. समोरची डॉक्टरीण टिपण घ्यायचें थांबली आणि म्हणाली, "आणि मग पापण्या पाहायला तुम्हीं कोणाकोणाला शिकविलें?"

जागा मिळेल कीं नाहीं, हें मार्चमध्यें कळेल. न मिळाली तरी सव्वादोन एकर जागेवर आहे, आणि पोराची जबान खरी आहे.

आतां मागणें एकच. आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून जे ह्या वाटेनें गेले आहेत, त्यांनीं ती वाट उघड सांगावी. वर्षांतून दोन रविवार द्यावे. तालुक्याच्या वाचनालयांत किंवा पडद्यावर पोरांस बसवावें. आपला खर्चाचा हिशेब, आपलीं आलेलीं नकारपत्रें, आपण दिलेलीं चुकीचीं उत्तरें त्यांच्यापुढें मांडावीं. आणि पोरांनो, तुम्हांस सांगतों: अर्ज भरण्याआधीं एखाद्या ओट्यावर बसून आपल्याच भाषेंत आपलीच गोष्ट कोणाला तरी सांगा. ती हलकी नाहीं. जो तुम्हांस ती हलकी आहे म्हणून सांगेल, त्याच्या हातावर दक्षिणा ठेवूं नका. त्याला दारांतून बाजूला व्हायला सांगा.

— एक खेड्यांतला मास्तर